इंग्रजी जोडनामं: सिलॅबल कुठे तोडायचे, आघात कुठे द्यायचा?

वैशाखी

नमस्कार मंडळी. मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. वाचनाच्या तासाला एक अडचण सतत समोर येते. मुलांना 'पॉट' येतं, 'होल' येतं, पण 'पॉटहोल' एकत्र छापलेला दिसला की मधले टी आणि एच डोळ्यांना जोडीने दिसतात आणि वाचलं जातं 'पोथोल'. 'मिसहॅप'मधले एस आणि एच असेच एकत्र येऊन 'मिशप' होतो. शब्द ओळखीचा असूनही सांधा सापडत नाही. आणि सांधा सापडला तरी दोन्ही तुकड्यांवर सारखाच जोर देऊन वाचलं जातं. हे वाचन चूक नसलं तरी त्यात शब्दाचा अर्धा अर्थ हरवतो.

आधी शब्दांची सोय करून घेते. 'अक्षर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लिहिलेली खूण येते. आपण लिहितो पु-स्त-क, पण बोलतो पुस्-तक. इथे बोलण्यातला तुकडा हवा आहे, म्हणून सिलॅबल म्हणते. ज्या सिलॅबलवर आघात आहे त्याच्या आधी ˈ अशी खूण करते.

आता मूळ मुद्दा. इंग्रजीत विशेषण आणि नाम शेजारी आले तर जोर सहसा नामावर पडतो: ग्रीन ˈहाऊस, म्हणजे हिरव्या रंगाचं घर. तेच दोन शब्द मिळून एका वस्तूचं नाव झालं की जोर पहिल्या शब्दावर सरकतो: ˈग्रीनहाऊस, म्हणजे रोपांसाठी बांधलेलं काचेचं घर. ब्लॅक ˈबोर्ड ही कुठलीही काळी फळी. ˈब्लॅकबोर्ड म्हणजे वर्गातला फळा, मग तो हिरवा असला तरी चालतं. डार्क ˈरूम ही अंधारी खोली, तर ˈडार्करूम ही फोटो धुण्याची. अमेरिकेच्या अध्यक्षांचं निवासस्थान ˈव्हाईट हाऊस, आणि गावातलं चुन्याने रंगवलेलं घर व्हाईट ˈहाऊस.

माझ्या पेशातलं उदाहरण तर रोज ऐकू येणारं आहे. ˈइंग्लिश टीचर म्हणजे इंग्रजी शिकवणारी व्यक्ती. इंग्लिश ˈटीचर म्हणजे इंग्लंडची शिक्षिका, मग ती गणित का शिकवेना. लिहिताना दोन्ही अगदी सारखे दिसतात, फरक कळतो तो फक्त आवाजातून.

सगळ्यात सुंदर उदाहरण तीन शब्दांचं आहे: लाईट, हाऊस, कीपर. ˈलाईटहाऊस कीपर म्हणजे दीपगृहाचा रखवालदार. लाईट ˈहाऊसकीपर म्हणजे वजनाने हलकी असलेली घर सांभाळणारी बाई. शब्द तेच, क्रमही तोच. आधी कोणते दोन जोडले गेले ते केवळ आघात सांगतो. चॉम्स्की आणि हॅले या भाषाशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये इंग्रजीच्या ध्वनिव्यवस्थेची जी मांडणी केली, तिच्यात नेमकं हेच आहे: आतल्या जोडीपासून सुरुवात करायची आणि बाहेरच्या दिशेने जात प्रत्येक पायरीला आघात ठरवायचा.

मराठीत आघात बदलला म्हणून अर्थ बदलत नाही. 'देवघर' म्हणताना 'देव'वर जोर द्या किंवा 'घर'वर, देवघर देवघरच राहतं. त्यामुळे आपला कान या बाबतीत तयारच झालेला नसतो. व्याकरणाच्या तासाला समास शिकवतो, विग्रह करून घेतो, पण इंग्रजीच्या तासाला जोडनाम आलं की स्पेलिंग आणि अर्थ सांगून पुढे जातो. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. तुमचे अनुभव, उदाहरणं, शंका, सगळं येऊ द्या.

---

सातारकर

फार गरजेचा धागा, ताई. माझी मुलगी नववीत आहे. तिचा प्रश्न असा: दोन शब्द जोडून लिहिले तर पहिल्यावर जोर आणि सुटे लिहिले तर दुसऱ्यावर, असा नियम धरला तर चालेल का?

---

वैशाखी

सातारकर, नाही चालणार. 'पोस्ट ऑफिस', 'बस स्टॉप', 'रेल्वे स्टेशन' हे सगळे सुटे लिहितात, तरी जोर पहिल्यावरच असतो: ˈपोस्ट ऑफिस, ˈबस स्टॉप. जोडनामं सुटी लिहायची, मध्ये आडवी रेघ द्यायची की सलग लिहायची, याबाबत इंग्रजी अजिबात स्थिर नाही. ऑक्सफर्डच्या दोन खंडांच्या 'शॉर्टर' कोशाची सहावी आवृत्ती 2007 साली आली तेव्हा सुमारे 16,000 शब्दांमधली आडवी रेघ काढून टाकली होती. 'आईस क्रीम', 'टेस्ट ट्यूब' सुटे झाले, 'बंबलबी', 'पिजनहोल' सलग झाले. त्या दिवसापासून त्यांचा उच्चार काही बदलला नाही. म्हणून तुमच्या मुलीला सांगा: लिखाण बाजूला ठेवायचं आणि विचारायचं की हे एका गोष्टीचं नाव आहे की एखाद्या गोष्टीचं वर्णन आहे.

---

अनुस्वार

आघाताबद्दल ताईंनी लिहिलंच आहे, मी सांध्याबद्दल लिहितो. भाषाशास्त्र शिकताना मला सगळ्यात जास्त आवडलेला हा भाग आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

सिलॅबल तोडण्याचा एक सर्वसाधारण नियम सांगितला जातो: दोन स्वरांच्या मधली व्यंजनं शक्य तितकी पुढच्या सिलॅबलला द्यायची, फक्त तो व्यंजनसमूह इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला चालणारा हवा. जोडनामात हा नियम सांध्यापाशी थांबतो. 'टोस्ट रॅक' आणि 'टो स्ट्रॅप' हे दोन शब्द घ्या. पहिला म्हणजे भाजलेले पावाचे काप उभे ठेवायची जाळी. दुसरा म्हणजे सायकलच्या पेडलवर पायाची बोटं अडकवायचा पट्टा. मधले ध्वनी दोन्हींत एकच आहेत: एस, टी, आर. वरचा नियम आंधळेपणाने लावला तर दोन्ही 'टो-स्ट्रॅ' असेच तुटतील. पण इंग्रज माणूस ते वेगळे बोलतो आणि वेगळे ऐकतो. 'टोस्ट-रॅक'मध्ये टीपाशी तोंड बंद होतं आणि आर नव्याने सुरू होतो. 'टो-स्ट्रॅप'मध्ये तिन्ही ध्वनी एका दमात येतात, आणि 'टो'मधला स्वर जरा लांब राहतो.

'नायट्रेट' हे रसायन आणि 'नाईट रेट' हा रात्रीचा दर, यांतही असाच फरक आहे. 'नायट्रेट'मधला ट्र नीट ऐका, इंग्रजांच्या तोंडी तो जवळजवळ 'च्र' असा येतो. 'नाईट रेट'मध्ये तसं कधीच होत नाही, कारण मध्ये सांधा आहे.

आता मराठी माणसाच्या फायद्याची गोष्ट. इंग्रजीत पी, टी, के हे ध्वनी आघातयुक्त सिलॅबलच्या सुरुवातीला आले की त्यांच्याबरोबर हवेचा झोत येतो. म्हणजे ते आपल्या प, ट, क पेक्षा फ, ठ, ख च्या जवळ जातात. फ म्हणताना ओठ मिटून काढलेला, 'फूल'मधला जुना फ धरा. एसच्या नंतर त्याच सिलॅबलमध्ये आले किंवा सिलॅबलच्या शेवटी आले की हा झोत नसतो. इंग्रज माणसाला स्वतःला हा फरक जाणवत नाही, कारण त्याच्या भाषेत त्याने अर्थ बदलत नाही. आपल्याला मात्र पाट आणि पाठ, कार आणि खार वेगळे ऐकायची लहानपणापासून सवय असते. म्हणून सांधा कुठे आहे हे ओळखायला आपला कान त्यांच्यापेक्षा तयार आहे!

करून बघा. 'ग्रे टेप' (करड्या रंगाची पट्टी) आणि 'ग्रेट एप' (मोठा वानर). पहिल्यात टी पुढच्या शब्दाचा आहे, म्हणून 'ग्रे ठेप'सारखं ऐकू येतं. दुसऱ्यात टी मागच्या शब्दाला चिकटलेला आहे, तिथे ठ येत नाही. 'प्लम पाय' आणि 'प्लम्प आय' ही जोडीही तशीच, पहिल्यात जवळजवळ 'फाय'. 'मिस्टेक' आणि 'मिसटाइम' बघा: दोन्हींत मूळ उपसर्ग 'मिस' आहे, पण 'मिस्टेक'मधला सांधा बुजून गेला, म्हणून साधा ट. 'मिसटाइम'मधला सांधा अजून जिवंत आहे, म्हणून 'मिस-ठाइम'.

जॉन वेल्स या ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञांनी याच अंगाने सिलॅबल तोडायचा विचार मांडला. त्यांच्या मते व्यंजनं ज्या सिलॅबलवर आघात जास्त आहे त्याच्याकडे ओढली जातात, पण जोडशब्दाचा सांधा ओलांडत नाहीत. याच धोरणाने त्यांनी 1990 साली लाँगमनचा उच्चारकोश तयार केला. त्यांचं 'सेल्फिश' आणि 'शेलफिश'चं उदाहरण मी कधीच विसरणार नाही. 'सेल्फिश' तुटतो सेल्फ-इश असा. एफ पहिल्या सिलॅबलमध्येच असल्याने त्याच्या आधीचा 'एल' हा भाग आखडतो. 'शेलफिश' तुटतो शेल-फिश असा. एफ सांध्यापलीकडे असल्याने 'शेल' ऐसपैस राहतो. दोन्ही शब्द मोठ्याने चार-पाच वेळा म्हणा, फरक जाणवेल.

---

रानफूल

अनुस्वार, अप्रतिम प्रतिसाद. ग्रे टेप-ग्रेट एप आत्ता घरात सगळ्यांकडून म्हणवून घेतलं.

माझी शंका वेगळी आहे. सांधा ओळखून वाचायचं तर 'कपबोर्ड' हा कप-बोर्ड असाच वाचायला हवा. पण कोशात 'कबर्ड' दिलंय. मुलगा विचारतो, नियम पाळला तरी चूक कशी? त्याला काय सांगू?

---

वैशाखी

रानफूल, मुलाचा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याला सांगा की शब्द जितका जुना आणि जितका वापरातला, तितका त्याचा सांधा झिजतो. 'कबर्ड' एकेकाळी खरोखरच कप मांडायची फळी होती. पुढे वस्तू बदलली, कपाशी संबंध सुटला आणि उच्चारातला पी पुढच्या बीमध्ये विरला. 'बोर्ड'वरचा आघात गेल्यामुळे त्यातला स्वरही पुसट झाला. स्पेलिंग मात्र तिथेच राहिलं.

असे शब्द पुष्कळ आहेत. 'ब्रेक' आणि 'फास्ट' मिळून 'ब्रेकफस्ट', आणि त्यातला ब्रे ऱ्हस्व, 'ब्रेड'मधल्यासारखा. 'रास्पबेरी'चं राझ्बरी, 'गूसबेरी'चं गुझ्बरी. 'हँडकर्चीफ'मधला डी गेला आणि हँकर्चिफ झालं. 'शीप' आणि 'हर्ड' मिळून मेंढपाळ, तो शेपर्ड. त्यातला एच पार गेला आणि पी साधा प राहिला. आपण कुत्र्याच्या जातीला 'जर्मन शेफर्ड' म्हणतो ते पी आणि एच एकत्र वाचल्यामुळे. जहाजावरचे शब्द तर ओळखू येणार नाहीत इतके झिजलेत: 'बोटस्वेन' लिहितात आणि बोसन म्हणतात, 'फोरकॅसल' लिहितात आणि फोक्सल म्हणतात.

आणि काही शब्दांत स्पेलिंगसुद्धा झिजलं. 'विंडो' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला, मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा. 'नॉस्ट्रिल' म्हणजे नाकाचं भोक. 'डेझी' हे फूल म्हणजे दिवसाचा डोळा. हे शब्द कधीकाळी सामासिक होते असं आज कुणाच्या मनातही येत नाही.

---

मुळारंभ

वैशाखीताई, मुलाला समजवायला आपल्याच भाषेतली उदाहरणं आहेत ना! सुवर्णकार-सोनार, कुंभकार-कुंभार, लोहकार-लोहार, चर्मकार-चांभार. देवकुलाचं देऊळ, राजकुलाचं राऊळ, दीपावलीची दिवाळी. 'कुंभार' म्हणताना कुणी कुंभ आणि कार वेगळे काढत नाही. शिवाय आपल्याकडे न झिजलेलेही आहेतच. 'महोत्सव'मध्ये आ आणि उ मिळून ओ झाला, पण 'कानउघाडणी'त न आणि उ शेजारी असून एकमेकांना शिवत नाहीत. संस्कृत घडणीच्या समासात संधी होतो, मराठी घडणीच्या समासात बहुधा होत नाही. इंग्रजी जोडनामं या बाबतीत कानउघाडणीच्या वळणाची आहेत. शाळेत हे दोन्ही विषय शेजारी ठेवून शिकवले तर मुलांना समासही कळेल आणि इंग्रजीही.

---

टेम्सकाठी

मी लंडनच्या दक्षिण भागात राहतो. इथली गावांची नावं म्हणजे झिजलेल्या सांध्यांचं दालनच. 'हॅम' हा जुन्या इंग्रजीतला शब्द, अर्थ वस्ती, गाव. ज्या गावांच्या शेवटी तो आहे तिथे एच सहसा गेला आणि स्वरही पुसट झाला. क्लॅपहॅम लिहितात, म्हणतात क्लॅपम. स्ट्रेटहॅमचं स्ट्रेटम, चॅटहॅमचं चॅटम. इथवर सोपं आहे, कारण सांधा मनात धरला तर उच्चार सापडतो.

पण काही गावांत लोकांनी स्पेलिंग बघून सांधाच हलवला. हॉर्सहॅम हे मूळ हॉर्स-हॅम. एस आणि एच शेजारी दिसल्यावर ते 'श' वाचले गेले आणि आज सगळे हॉर्शम म्हणतात. लुईशमचंही तेच. ग्रँटहॅममध्ये टी आणि एच जवळ आले, त्यांचा इंग्रजी 'थ' झाला आणि उच्चार ग्रँथम ठरला. म्हणजे वैशाखीताई, तुमच्या वर्गातली मुलं 'पॉटहोल'चं 'पोथोल' करतात तेच इंग्लंडमधल्या लोकांनी स्वतःच्या गावांचं केलं, आणि ते आता प्रमाण उच्चार आहेत. मुलांना हे जरूर सांगा.

नव्याने येणाऱ्या मराठी लोकांसाठी एक सूचना: 'ग्रीनविच' विचारू नका, ग्रेनिच म्हणा. 'साउथवार्क' नाही, सदक. स्टेशनवर गोंधळ होतो तो इथेच.

---

कोकणकन्या

सगळे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण माझा एक आक्षेप नोंदवते. आपण भारतीय इंग्रजी बोलतो. इथल्या कोट्यवधी लोकांना 'ग्रीनहाऊस' कसाही म्हटला तरी कळतो. मग मराठी माध्यमाच्या मुलांवर ब्रिटिश आघाताचं आणखी एक ओझं कशाला? आधीच इंग्रजीची धास्ती असते. उच्चारावरून मुलाखतीत कमी लेखलं जाणं मी जवळून पाहिलंय, आणि त्याची चीड येते.

---

अनुस्वार

कोकणकन्या, उच्चारावरून माणसाला कमी लेखणं चूकच आहे, यात दुमत नाही. पण मी बोलणं आणि ऐकणं यांत फरक करेन. मुलाने लंडनच्या माणसासारखं बोलावं असं मी कधीच म्हणणार नाही. मात्र त्याला ऐकता आलंच पाहिजे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते आघात नसलेला भाग इतका पुसट करतात की दोन्ही तुकडे सारख्या वजनाने ऐकायची सवय असलेल्याला दुसरा तुकडा ऐकूच येत नाही. 'पोस्टमन' पुष्कळदा 'पोस्मन' येतो, 'हँडबॅग'चा 'हॅम्बॅग' होतो. नियम ठाऊक असेल तर मूल गोंधळत नाही. हे ओझं नाही, आधार आहे.

---

वैशाखी

कोकणकन्या, तुमचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच मी परीक्षेत याला गुण ठेवत नाही. पण एक गोष्ट सांगते. मराठी लिखाणाने इंग्रजीचा हा पुसट स्वर आधीच अचूक टिपला आहे, आपण तिकडे पाहत नाही इतकंच.

आपण 'पोस्टमन' लिहितो, 'पोस्टमॅन' नाही. इंग्रजीतही तो मॅन नाही, आघात नसलेला मन आहे. इतका की एकवचनातला आणि अनेकवचनातला, दोन्ही शब्द ऐकायला सारखेच. उलट 'सुपरमॅन'मध्ये इंग्रजीतही स्वच्छ मॅन आहे, आणि आपणही मॅनच लिहितो. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड यांत आपण 'लं' लिहितो, कारण तिथे 'लँड' झिजलं आहे. डिस्नेलँड आणि नागालँडमध्ये 'लँ' लिहितो, कारण तिथे ते झिजलेलं नाही. थायलंड तेवढा अपवाद, तिथे इंग्रजीत पूर्ण 'लँड' आहे. ऑक्सफर्डमध्ये 'फर्ड', पण गाडीची कंपनी 'फोर्ड'. ज्यांनी हे शब्द कानाने ऐकून देवनागरीत आणले त्यांनी सांध्यानंतरचा झिजलेला स्वर बरोबर ओळखला होता. मुलांना मी फळ्यावर 'इंग्लंड' आणि 'नागालँड' शेजारी लिहून हे दाखवते आणि त्यांना पाच मिनिटांत कळतं. मूळ माल आपल्याच घरात आहे.

---

जुळारी

मी बरीच वर्षं इंग्रजी-मराठी पुस्तकांच्या मांडणीचं काम करतो. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तेव्हा हाच प्रश्न येतो, फक्त डोळ्यांसाठी.

आमच्यात पहिला नियम असा: जोडनाम सांध्यावरच तोडायचं. 'मॅनस्लॉटर' म्हणजे मनुष्यवध. हा शब्द 'मॅन'नंतर तोडला तर ठीक. पण एस चुकून पहिल्या ओळीत राहिला तर दुसऱ्या ओळीवर जी अक्षरं उरतात त्यांचं स्पेलिंग 'लाफ्टर'चं, म्हणजे हसण्याचं! वाचणाऱ्याला धक्काच बसतो.

संगणकाला हे कसं कळावं? डोनाल्ड कनुथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणी प्रणालीसाठी स्टॅनफर्डमधले त्यांचे विद्यार्थी फ्रँक लिआंग यांनी 1983 च्या आपल्या प्रबंधात एक पद्धत दिली. प्रत्येक शब्द साठवण्याऐवजी अक्षरांचे छोटे साचे साठवायचे. इथे तोडणं चांगलं, इथे तोडू नये, असं प्रत्येक साचा आकड्याने सांगतो, आणि ज्याचा आकडा मोठा तो जिंकतो. इंग्रजीसाठी असे 4,447 साचे पुरले आणि कोशातल्या तोडण्याच्या जागांपैकी 89 टक्के सापडल्या. उरलेल्या जागा सोडून द्यायच्या, पण चुकीच्या जागी तोडायचं नाही, असं धोरण. आजही पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये हीच पद्धत आहे.

आणखी एक सांगायचं म्हणजे अमेरिकी कोशांत मुख्य शब्दाच्या मध्ये जे ठिपके असतात ते उच्चाराचे सिलॅबल नव्हेत. ते ओळ तोडायच्या जागा दाखवतात. उच्चारातले सिलॅबल पुढच्या ध्वनिलेखनात बघायचे. 'रास्पबेरी'ला ठिपका पीनंतर असतो आणि उच्चारात पी नसतोच. शिक्षकांनी हे ठिपके बघून मुलांना सिलॅबलगणिक टाळ्या वाजवायला लावू नये.

---

सातारकर

जुळारीकाका, हे ठिपक्यांचं फार उपयोगी पडलं. आमच्याकडे ते ठिपके बघूनच अभ्यास चालला होता.

ताई, मुलगी आता उदाहरणं गोळा करतेय आणि अपवाद घेऊन येतेय. 'ऍपल पाय' हे एका पदार्थाचं नाव आहे, मग कोशात आघात 'पाय'वर का? आणि 'ऍपल जूस'मध्ये मात्र 'ऍपल'वर?

---

वैशाखी

सातारकर, तुमच्या मुलीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. पहिल्यावर आघात हा नियम मोठा आहे, पण त्याला ठरावीक गटांचे अपवाद आहेत.

पहिला शब्द वस्तू कशाची बनली ते सांगत असेल तर आघात बहुतेक दुसऱ्यावर: लेदर ˈजॅकेट, पेपर ˈबॅग, ऍपल ˈपाय. पण केक, जूस आणि वॉटर हे तीन शब्द शेवटी आले की आघात पुन्हा पहिल्यावर: ˈऑरेंज जूस, ˈऍपल केक. याला कारण विचारू नका, वापराने ठरलंय. जागा किंवा वेळ सांगणाऱ्या जोड्यांतही बऱ्याचदा दुसऱ्यावर: किचन ˈसिंक, सिटी ˈसेंटर, ख्रिसमस ˈडे.

रस्त्यांची गोष्ट मला फार आवडते. नावाच्या शेवटी 'स्ट्रीट' असेल तर आघात पहिल्यावर, ˈऑक्सफर्ड स्ट्रीट. रोड, ॲव्हेन्यू, ड्राईव्ह, स्क्वेअर काहीही असेल तर शेवटच्यावर: फिफ्थ ˈॲव्हेन्यू. त्या हिशोबाने आपला मरीन ˈड्राईव्ह. 'स्ट्रीट' इतका सामान्य शब्द आहे की त्याला जोर द्यायची गरजच उरत नाही, असं त्याचं स्पष्टीकरण देतात.

शिवाय ब्रिटिश आणि अमेरिकी यांच्यात फरक आहेत. शनिवार-रविवारला ब्रिटिश वीक-ˈएंड म्हणतात, अमेरिकी ˈवीकेंड. म्हणून एकच कोश वापरायला सांगा.

---

रानफूल

आणखी एक, मग थांबते. 'बुककेस', 'लॅम्पपोस्ट', 'नाईटटाइम' यांत तेच व्यंजन दोनदा येतं. दोन्ही म्हणायचे की एक गाळायचा?

---

अनुस्वार

दोन्ही, पण वेगवेगळे सोडून नाही. 'बुक'च्या क वर तोंड बंद करायचं, क्षणभर तसंच धरायचं आणि एकदम 'केस'मध्ये उघडायचं. मराठीत 'पक्का', 'हट्ट', 'सत्ता' म्हणताना आपण हेच करतो, त्यामुळे वेगळं शिकायची गरज नाही. इंग्रजीत एका साध्या शब्दाच्या आत असं लांब व्यंजन येतच नाही. 'हॅपी'मध्ये पी दोनदा लिहिला तरी एकच उच्चारायचा, 'हॅप्पी' नव्हे. लांब व्यंजन ऐकू आलं की तिथे सांधा आहे असं खुशाल समजावं.

'न्यूजपेपर' मात्र बघून घ्या. 'न्यूज' एकटा असताना शेवटी झ आहे. पुढे 'पेपर' जोडला की ब्रिटिश उच्चारात त्याचा स होतो, 'न्यूस्पेपर'. अमेरिकेत बरेच जण झ ठेवतात.

---

वैशाखी

'न्यूजपेपर' उद्याच वर्गात घेते. दहावीच्या मुलांकडून पाठ्यपुस्तकातली जोडनामं काढून घेऊन तीन रकाने करायचं ठरवलंय: सांधा स्वच्छ, सांधा झिजलेला, सांधा दिसेनासा झालेला. यादी तयार झाली की इथेच टाकेन, तुम्ही सगळ्यांनी तपासून द्या. टेम्सकाठी, तुमच्या गावांच्या नावांचाही एक रकाना हवा आहे, आणखी दहा-बारा नावं उच्चारासकट द्याल का?